निळ्या ड्रमातलं पाणी

माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी दिवा स्टेशनजवळच्या माहेरी आली तेव्हा उन्हाळा नुकता तापायला लागला होता. सातवा महिना संपत आला होता. तिच्या येण्याची तयारी माझी थोरली बहीण दोन महिने करत होती. आतल्या खोलीला रंग दिला, खिडकीला जाळी बसवली, गादीतला कापूस पिंजून घेतला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ह्यात ताईच्या दृष्टीने चर्चेला जागाच नव्हती. भाचीच्या सासूबाईंनी मात्र ओटीभरणाच्या दिवशी विषय काढला होता. त्या कल्याणला मोठ्या संकुलात राहतात. त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी चोवीस तास असतं. तुमच्याकडे कसं काय?"

ताई म्हणाली, "आम्ही काय तहानलेले राहतो का?"

दिव्यात नळाला पाणी येतं ते सकाळी, थोडा वेळ. उन्हाळ्यात एक दिवसाआड. ताईच्या इमारतीत प्रत्येक घराच्या गॅलरीत निळे प्लास्टिकचे ड्रम आहेत, झाकणाचे, माणसाच्या छातीपर्यंत येणारे. ताईकडे असे दोन. एक धुण्याभांड्याचा आणि एक पिण्याचा. पिण्याच्या ड्रमला फडकं बांधलेलं, वर झाकण, आणि शेजारी खिळ्याला टांगलेलं लांब दांड्याचं ओगराळं. त्या ओगराळ्याला दुसरं कोणी हात लावलेला ताईला चालत नसे. मुलगी चालायला लागली त्या वर्षी हा ड्रम घरात आला. तेव्हापासून ह्या घरात जे पाणी प्यायलं गेलं, ज्यात भात शिजला, ते ह्या ड्रमातलं.

भाचीने आल्या दिवशी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"आई, पाण्याला वास येतोय."

ताईने हुंगून पाहिलं. भावोजींनी पाहिलं. कोणालाच काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने वरण-भातही बाजूला सारला. तिसऱ्या दिवशी ती कलिंगडावर आणि शहाळ्यावर होती. डोंबिवलीहून मी रविवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ताईचा पट्टा चालू होता.

"लोकांना चिंचा-कैऱ्यांचे डोहाळे लागतात. हिला पाणी नको लागतंय. लहानपणी ह्याच पाण्यात सरबत करून द्यायचे, तेव्हा तांब्या चाटायचीस."

"आई, तेव्हा मला नाक नव्हतं."

"आता सोंड फुटलीये का?"

"खरंच गं. नवा रेनकोट पहिल्यांदा उघडल्यावर येतो ना, तसा वास आहे. घशात बसतो."

मी माठातलं पाणी प्यायलो. मला मातीचा वास आला, आणखी काही नाही. तसं मी सांगितलं. भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तू दिवसभर चहावर जगतोस. तुझं मत धरायचं नाही."

परीक्षा घ्यायची कल्पना भावोजींची. ते हाडाचे कामगार. तक्रार आली की माल तपासायचा, ही त्यांची सवय. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि स्टीलचे सारखे पेले भरले. एकात ड्रममधलं पाणी, एकात माठातलं, एकात आदल्या सकाळी थेट नळाखाली भरलेल्या स्टीलच्या कळशीतलं, एकात दुकानातून आणलेल्या बाटलीतलं. भाचीच्या डोळ्यांवर तिचीच ओढणी बांधली. पेल्यांची जागा त्यांनी मला न सांगता बदलली.

तिने पहिला पेला नाकाशी नेला आणि लगेच परत दिला. "ड्रम." दुसऱ्याला जरा थांबली. "हाही ड्रमच. मातीतून आलाय." तिसऱ्याला म्हणाली, "हा वेगळा. टिफिनचं झाकण उघडल्यासारखा." ती बाटली होती. चौथा पेला तिने हुंगला आणि काही न बोलता घटाघट पिऊन टाकला. तो कळशीचा होता. किती तहानलेली होती ते तेव्हा कळलं.

भावोजींचं समाधान झालं नाही. ते आत गेले, ड्रममधलं पाणी पातेल्यात उकळलं, परातीत गार केलं, तांब्यात ओतलं आणि पुन्हा पेल्यात भरलं. ह्या सगळ्याला वेळ लागला. ती ओढणी बांधून शांत बसून होती.

तिने पेला धरला. "बाबा, हा तोच आहे. फक्त गरम करून गार केलाय."

वर्तमानपत्राच्या कचेरीत माझी नोकरी झाली ती दुसऱ्यांच्या बोलण्यातून काय धरायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यात. पुरावा समोर आला की तो ओळखायची सवय असते. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय सुजलेली, केस वर बांधलेली एक मुलगी बसली होती. काही महिन्यांपूर्वी तिला गॅस चालू राहिल्याचाही वास येत नसे. आता तिच्या शरीराने, तिला न विचारता, एवढं सूक्ष्म काहीतरी तयार केलं होतं, की उकळलेलं पाणीही त्याला फसवू शकत नव्हतं. ते कोणासाठी तयार केलं होतं तेही दिसत होतं. मी त्या मुलीला तिच्या बारशापासून ओळखतो. त्या दिवशी तिच्याकडे बघताना मला परक्या माणसासारखा संकोच वाटला.

मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. ताई मागोमाग. डबे उघडून ती हुंगायला लागली आणि ओट्यावर दोन भाग झाले. स्टील आणि काच एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आइस्क्रीमच्या जुन्या डब्यातला मसाला, पिशवीत बांधून ठेवलेली कोथिंबीर, गरम असतानाच प्लास्टिकच्या डब्यात भरलेली कालची उसळ. तूरडाळीच्या बरणीपाशी ती म्हणाली, "डाळ चांगली आहे. बरणी नाही." तेलाच्या कॅनला तिने हातही लावला नाही. लांबूनच मान हलवली.

"आता माझंही झाकण उघडून बघ," ताई म्हणाली. पण स्वतः हसली नाही.

कल्याणला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा माझा एक शाळासोबती आहे. त्याला मी गॅलरीत उभा राहून फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ड्रम नवा घेतलेला की कंपनीतून आलेला?"

कंपनीतून आलेला. भावोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात मालाच्या शेडमध्ये होते. रिकामे ड्रम कामगारांना घरी न्यायला मिळत. दिव्यातल्या, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत असे ड्रम गेले. प्लास्टिक जाड, झाकण घट्ट, फुटणं नाही. भावोजींनी हा ड्रम सोड्याने धुतला, गरम पाण्याने धुतला, कडुलिंबाचा पाला घालून भरून ठेवला, ओतला, पुन्हा भरला, गच्चीवर उन्हात उलटा घातला. सगळे असंच करत. माणूस ह्याहून जास्त काय करणार?

"धुतलं ते वरचं गेलं," मित्र म्हणाला. "प्लास्टिक आपल्याला भिंतीसारखं वाटतं. ते भिंत नाही. आत जे बरेच दिवस भरून ठेवलं असेल, ते थोडं त्याच्या अंगात शिरतं. मग वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर येतं. उन्हात जास्त येतं. आणि कोऱ्या प्लास्टिकचं स्वतःचंही काही ना काही सुटत असतंच, विशेषतः गरम आणि तेलकट पदार्थात."

"हिला येतो तो वास त्याचाच?"

"असेल. पण एक लक्षात ठेव. वास येतो ते घातकच आणि वास नाही ते निर्धोक, असा हिशोब लावू नकोस. काही रसायनांना वासच नसतो."

"पाणी तपासून घेता येईल?"

"येईल. पण प्रयोगशाळा विचारेल, काय शोधायचंय? सगळं शोधा असं सांगता येत नाही. ड्रममध्ये आधी काय होतं?"

मी फोन हातात धरून भावोजींना विचारलं.

"पांढरा माल," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"पांढरा माल म्हणजे पांढरा माल. पिवळा यायचा त्याला पिवळा म्हणायचो. वर नंबर असायचा. साहेब लोकांना माहीत. आम्ही उतरवायचो, मोजून द्यायचो." मग म्हणाले, "हाताला लागला तर धुवा, एवढं सांगितलेलं."

तो कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. जागेवर आता गोदाम आहे. तो माल पाठीवर वाहिलेला माणूस समोर बसला होता आणि त्याला तो काय होता ते कळण्याचा मार्ग उरला नव्हता.

मित्राला मी शेवटचं विचारलं की ह्या पाण्याने काय झालं असेल. तो म्हणाला, "बहुधा काही नाही. पण बहुधाच. ह्याच्या पुढचं मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. ड्रम मात्र बदला. आजच."

ताई हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मग एवढी वर्षं मी हिला काय पाजलं?"

प्लास्टिकच्या डब्यांवरच्या बातम्या मी पुष्कळदा संपादित केल्या आहेत. 'तज्ज्ञांचे मत', 'काळजी घ्यावी', 'घाबरून जाऊ नये'. त्यातलं एकही वाक्य तिला देता आलं नाही. भाची उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आई, मी धडधाकट आहे. बघ, दोन माणसांएवढी झालेय."

संध्याकाळी कल्याणहून फोन आला. भाचीने नवऱ्याला सांगितलं होतं, त्याने आईला. विहीणबाईंचा आवाज गोड होता आणि मुद्दा पक्का होता. "पोरगी चार दिवस फळांवर आहे म्हणे. ह्या दिवसांत हे बरं नाही. उद्या दुपारी मीच गाडी घेऊन येते. इथे सगळं जवळ आहे. तुम्ही पण या ना राहायला."

ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग भिंतीला टेकून खाली बसली. आतल्या खोलीतून नव्या रंगाचा वास येत होता. तोही भाचीला सोसत नव्हता. पण ते तिने आईला सांगितलं नव्हतं, फक्त मला सांगितलं होतं.

एका कळशीने घर चालत नाही. पिण्याला, स्वयंपाकाला, एक दिवसाआडच्या नळाला पुरेल एवढं पाणी कशात भरायचं हा प्रश्न होता. स्टीलची टाकी करून द्यायला दुकानदार आठवडा मागत होता. भावोजी ओळखीच्या तबेल्यातून दुधाचे दोन मोठे कॅन घेऊन आले. घासूनपुसून लखलखीत केलेले. भाचीने झाकण उघडलं आणि मागे सरकली.

"बाबा, ह्यात दूध नासलेलं आहे."

"गेल्या वर्षीचं असेल," भावोजी म्हणाले आणि कॅन परत घेऊन निघाले.

जिन्यात त्यांना घरमालकीण भेटली. ही इमारत तिच्या सासऱ्यांच्या शेतावर उभी आहे. त्याच्या पलीकडे खाडीकडे त्यांची मिठागरं होती. ती तळमजल्यावर राहते, नाकात मोठी नथनी, गुडघ्याच्या वर नेसलेलं लुगडं, आणि इमारतीत कोणाकडे काय शिजतंय हे तिला माहीत असतं. ती धापा टाकत वर आली.

"काय गो बाय, पोर पानी पीत नाय? आनि तू मना सांगलास नाय?"

ताईने सांगितलं. मालकिणीने सगळं ऐकून घेतलं आणि भाचीच्या पोटाकडे बघत म्हणाली, "आमी मिठावर जायचो तवा मडकी नेयाचो डोक्यावर. ह्ये ड्रम कंपन्या आल्या तवा आले. मना पन बरं वाटलं. कवरी मडकी फुटायची." मग ताईकडे वळून, "लग्नाचे हंडे हायेत माझे घरान. तांब्याचे. माळ्यावर परलेत. आता लग्नाला केटरिंगवाला येतो त्याचे टोप घेऊन. ने गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हंडे खाली आले. चार मोठे, काळे पडलेले, एकात चिमणीचं जुनं घरटं. इमारतीच्या मागच्या फरशीवर ताई, मालकीण आणि शेजारच्या तिघीजणी चिंच आणि जाडं मीठ घेऊन बसल्या. मिठाबद्दल मालकिणीने कोणाचं ऐकलं नाही, ते तिच्याच घरचं हवं. काळा थर उतरायला लागला आणि खालून लाल तांबं वर आलं. आधी नखाएवढं, मग तळहाताएवढं. घासणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर त्याचा उजेड पडत होता. मी बाजूला उभा होतो. त्या एकमेकींची टिंगल करत होत्या, कोणाचा हंडा पुढे, कोण नुसतंच पाणी ओततंय. मालकीण एकीला म्हणाली, "नवऱ्याला घासतेस तशी घास गो, जोर लाव."

पहिला हंडा धुऊन झाल्यावर भाचीला बोलावलं. ती जिना हळूहळू उतरून आली. बसता येईना म्हणून दोघींनी हंडा उचलून तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हातांनी काठ धरला आणि तोंड आत घातलं. सगळ्या थांबल्या. ताईच्या हातात चिंचेचा चोथा तसाच होता.

"काहीच नाही," आतून घुमत आवाज आला. तिने डोकं बाहेर काढलं. "आत काहीच नाहीये."

त्या दिवशी नळाला उशिरा पाणी आलं. विहीणबाई आल्या तेव्हा हंडे नुकते भरून झाले होते आणि गॅलरीत ओळीने ठेवले होते. ताईने त्यांना पाणी दिलं. भाचीनेही घेतलं. एक पेला संपवून दुसरा मागितला. विहीणबाई बघत राहिल्या.

"मी न्यायला आले होते," त्या म्हणाल्या.

"जेवूनच जा आता," ताई म्हणाली.

विहीणबाई गॅलरीत गेल्या. हंड्याच्या काठावरून हात फिरवला. "माझ्या आईचा एक होता असाच. फ्लॅट घेतला तेव्हा मी मोडीत घातला. ठेवायचा कुठे?" परत येऊन त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुझ्या तोंडावर पाणी आलं बाई. राहा इथेच." त्या जेवल्या आणि एकट्याच परत गेल्या. पुढच्या आठवड्यात नाचणीचे लाडू पाठवले ते स्टीलच्या डब्यात. डब्याबरोबर निरोप होता की लाडू गार झाल्यावरच भरलेत.

पिण्याच्या ड्रमचं काय करायचं हे भावोजींवर आलं. भंगारवाला खालून ओरडला, "ड्रम दे दो, तुरंत जाएगा. पानी के लिए लोग मांगते हैं." भावोजी गॅलरीतून आत आले आणि शेजाऱ्याचं ड्रिल मागून आणलं. ड्रम आडवा पाडून त्यांनी त्याच्या बुडाला भोकं पाडायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या निळ्या कुरळ्या साली त्यांच्या पायाशी पडत होत्या. गरज होती त्यापेक्षा पुष्कळ जास्त भोकं पाडली. मी म्हणालो, "झालं की आता." ते म्हणाले, "बुजवतात लोक. मीच बुजवला असता." बुडाची चाळण झाल्यावर त्यांनी ड्रम खाली नेऊन दिला.

मेमध्ये भाचीला मुलगी झाली. डोंबिवलीतल्या दवाखान्यात नर्सने बाळाला पुसून तिच्या छातीवर ठेवलं आणि आईची छाती मात्र पुसू दिली नाही. बाळ वासावरच शोधत जाईल, नर्स म्हणाली. ताई तिथे होती. तिने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली आणला. डोळे मिटलेले, मान धरता येत नाही, आणि तो एवढासा जीव नाक पुढे करून, थांबत, पुन्हा सरकत बरोबर जागेवर गेला. "कोणी शिकवलं रे तिला?" ताईने मला विचारलं.

बाळ दिव्याच्या घरी आलं. शेक-शेगडी सुरू झाली. ताई सकाळी नळाची वाट बघत उभी राहायची, कळशीने हंडे भरायची, त्यावर फडकी बांधायची. तांब्याचा हंडा रोज घासावा लागतो. तिच्या मनगटाला पट्टा आला. जून सरत आला तेव्हा मी एका रविवारी गेलो होतो. भाची बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि ताई शेवटचा हंडा भरून आत येत होती. शेजारणीने दिलेली खीर ओट्यावर प्लास्टिकच्या डब्यात होती. भाचीने डबा उघडला, चमच्याने खाल्ली.

ताई दारातच थांबली. "वास नाही आला?"

भाचीने डबा नाकाशी नेला. एकदा, मग पुन्हा. झाकण हुंगलं. भावोजींनी धुण्याच्या ड्रममधलं पाणी पेल्यात आणून दिलं, तेही हुंगलं. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"नाही," ती म्हणाली. "काहीच येत नाही गं. गेलं बहुतेक." तिला स्वतःलाच जरा वाईट वाटल्यासारखं झालं. मग ती आईच्या मनगटाकडे बघून म्हणाली, "आई, आता कशाला एवढं ओढतेस? आणू एखादा नवा ड्रम. चांगल्यातला. मला नाही आता त्रास होत."

ताईने हंडा जागेवर ठेवला, फडकं बांधलं, पदराने हात पुसले.

"तुला वास येत नाही, म्हणून तो गेला का?" ती म्हणाली, आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.